डावीकडे वळत राहण्याचं शास्त्र

३० ऑक्टोबर २०२२. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर नॅस्कारची शर्यत शेवटच्या फेरीत आली होती. रॉस चॅस्टेन दहाव्या क्रमांकावर होता. मोसमाच्या अंतिम लढतीत जागा मिळवायची तर त्याला दोन गाड्या मागे टाकणं भाग होतं आणि हातात उरली होती जेमतेम अर्धी फेरी. सरळ मार्गाने ते जमणार नव्हतं. चॅस्टेनने पाचवा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, गाडीची उजवी बाजू बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि स्टिअरिंग सोडून दिलं. वळण घ्यायचं काम भिंतीने केलं. बाकीचे ब्रेक लावून वळत होते, तेवढ्यात हा भिंतीला घासत पाच गाड्या ओलांडून गेला. फेरी भरली १८.८४५ सेकंदांत. त्या ट्रॅकवर स्टॉक कारने इतकी वेगवान फेरी कधीच मारली नव्हती. आधीचा विक्रम १८.८९८ सेकंदांचा, आणि तोसुद्धा मोकळ्या ट्रॅकवर एकट्याने धावायच्या पात्रता फेरीतला होता.

ही युक्ती सुचली कुठून, असं विचारल्यावर चॅस्टेनने एका व्हिडिओ गेमचं नाव घेतलं: 'नॅस्कार २००५: चेस फॉर द कप'. लहानपणी धाकट्या भावाबरोबर निन्टेंडोच्या गेमक्यूबवर तो हा गेम तासन्‌तास खेळायचा. त्यात भिंतीच्या आधाराने वळण मारता यायचं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये नॅस्कारने जाहीर केलं, की यापुढे कुणी असं केलं तर सुरक्षेच्या नियमाखाली शिक्षा होईल. म्हणजे एका व्हिडिओ गेममधली पळवाट खऱ्या ट्रॅकवर आली आणि ती बुजवायला खऱ्या नियमावलीला धावावं लागलं.

खेळांवरचे व्हिडिओ गेम पुष्कळ आहेत. क्रिकेटचे, फुटबॉलचे, कुस्तीचे. पण ज्यांच्याकडे खऱ्या खेळाचा परवाना आहे आणि ज्यांनी त्या खेळाच्या कारभारातच शिरकाव केला, असं उदाहरण शोधायचं तर नॅस्कारच्या गेमांइतकं ठळक दुसरं सापडणं कठीण. त्यांची चाळीस वर्षांची वाटचाल पाहिली, की परवान्याने गेमला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे दोन्ही लख्ख दिसतं.

दारूच्या खेपा आणि हवेची पोकळी

नॅस्कार म्हणजे 'नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग'. बिल फ्रान्स यांनी १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे ही संघटना उभी केली. स्टॉक कार म्हणजे शोरूममधून विकत घेता येईल तशी साधी गाडी. आज ट्रॅकवर धावणारी गाडी पूर्णपणे शर्यतीसाठीच बांधलेली असते, पण तिचं रूप अजूनही रस्त्यावरच्या शेव्हरोले, फोर्ड किंवा टोयोटासारखं ठेवतात. भारतातल्या अनेक मुलांनी ही दुनिया पहिल्यांदा पाहिली ती २००६ मधल्या 'कार्स' या चित्रपटात. त्यातल्या 'द किंग' या निळ्या गाडीला आवाज दिला होता रिचर्ड पेटी यांनी. नॅस्कारमध्ये २०० शर्यती जिंकणारा हा एकमेव चालक.

या खेळाचं मूळ दारूबंदीच्या काळात सापडतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरून गाळलेली दारू शहरात पोचवणारी पोरं आपल्या गाड्यांची इंजिनं घरीच दणकट करून घेत. पोलिसांच्या गाडीपेक्षा आपली गाडी दोन पावलं पुढे राहिली पाहिजे, एवढंच त्यामागचं गणित. ज्युनिअर जॉन्सन हा अशाच खेपा मारणारा तरुण पुढे नॅस्कारमध्ये ५० शर्यती जिंकला. १९६० च्या डेटोना ५०० शर्यतीत त्याची शेव्हरोले इतरांपेक्षा हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आलं, की वेगवान गाडीच्या अगदी पाठीला चिकटून राहिलं तर आपली गाडीही तितक्याच वेगाने धावते. ती शर्यत त्याने जिंकली आणि 'ड्राफ्टिंग' हे तंत्र सगळ्यांच्या तोंडी झालं.

हायवेवर ट्रकच्या मागे सायकल ठेवून पाहणाऱ्याला हे कळायला वेळ लागणार नाही: समोरचं वाहन हवा कापत जातं आणि मागच्याला वाऱ्याचा मार कमी बसतो. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास हा फरक प्रचंड असतो. गंमत अशी, की पुढच्या गाडीलाही त्याचा फायदा होतो. तिच्या मागे तयार होणारी आणि तिला मागे खेचणारी हवेची पोकळी मागची गाडी भरून काढते. त्यामुळे एकटी गाडी जितकी धावेल त्याहून रांगेतल्या दोन गाड्या जास्त जोरात धावतात. ज्याला हरवायचं त्याच्याच मदतीवर शर्यतभर अवलंबून राहायचं, असा हा खेळ आहे.

'नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय मोठंसं' असं नॅस्कारबद्दल अनेकदा म्हटलं जातं. पण ट्रॅक एकासारखा दुसरा नसतो. डेटोनाचा ट्रॅक चार किलोमीटरचा, वळणांवर ३१ अंशांनी कललेला. टॅलाडेगाचा उतार ३३ अंशांचा. तिथे माणसाला नुसतं चढून जायचं म्हटलं तरी हात टेकावे लागतात. मार्टिन्सव्हिल एक किलोमीटरहूनही लहान, कागदाला लावायच्या क्लिपच्या आकाराचा आणि जवळजवळ सपाट. तिथे प्रत्येक वळणाला ब्रेक तापून लाल होतात. डार्लिंग्टनचा ट्रॅक अंड्यासारखा आहे, कारण १९४९-५० मध्ये तो बांधताना जमीनमालकाने आपलं माशांचं तळं बुजवायला नकार दिला. मग एक टोक आवळून घ्यावं लागलं. परिणाम असा, की एका टोकाला छान वळणारी गाडी दुसऱ्या टोकाला हट्ट करते. हे सगळं गेममध्ये आणायचं, तर नुसती सुंदर चित्रं काढून भागत नाही.

परवाना कशाकशाचा?

अधिकृत गेम म्हटलं, की वाचकाला वाटेल एका संस्थेशी एक करार झाला आणि काम संपलं. प्रत्यक्षात नॅस्कारची गाडी म्हणजे परवान्यांची चळत असते. नॅस्कारचं नाव आणि बोधचिन्ह एकाचं. चालकाचा चेहरा आणि नाव त्याचं स्वतःचं. गाडीचा क्रमांक आणि रंगसंगती संघाची. बॉनेटवरची जाहिरात प्रायोजकाची. गाडीचा आकार उत्पादक कंपनीचा आणि ट्रॅक त्याच्या मालकाचा. यातला एक धागा जरी सुटला तरी गेममध्ये भोक पडतं. १९९४ च्या एका गाजलेल्या गेममध्ये बहुतेक ट्रॅक होते, पण नॅस्कारचं माहेरघर असलेला डेटोनाच नव्हता. त्याच सुमारास सेगाच्या 'डेटोना यूएसए' या आर्केड गेमने जगभर धमाल उडवली. त्याच्याकडे नाव डेटोनाचं होतं, पण नॅस्कारचे चालक नव्हते आणि ट्रॅकही कल्पनेतले होते.

प्रायोजकांची अडचण वेगळीच. या खेळाला तंबाखू आणि बिअर कंपन्यांनी वर्षानुवर्षं पैसा पुरवला. १९७१ ते २००३ या काळात मुख्य मालिकाच एका सिगारेटच्या नावाने ओळखली जायची. लहान मुलं खेळतात त्या गेममध्ये अशा जाहिराती चालत नाहीत. म्हणून डेल अर्नहार्ट ज्युनिअर या चालकाची लाल रंगाची, आठ क्रमांकाची गाडी अनेक गेमांमध्ये बिअरच्या नावाऐवजी त्याचंच नाव मिरवताना दिसते.

परवान्याचा खरा उपयोग मात्र नावांच्या पलीकडचा आहे. नॅस्कारचा चाहता आपल्या ट्रॅकचा इंचन्‌इंच ओळखतो. कुठे डांबराला खाच आहे, कुठे सावली पडते, कुणाच्या गाडीवर कुठला पिवळा आहे, हे त्याला पाठ असतं. गेमवर अधिकृत शिक्का बसला, की तो चाहता हिशेब मागतो. काल्पनिक गाड्यांच्या गेमला चूक माफ असते, परवाना घेतलेल्याला नसते. या हिशेबाला जे गेम उतरले ते टिकले.

गॅरेजमधला पाना

सुरुवात साधीच होती. १९८४ मध्ये होम कॉम्प्युटरवर 'रिचर्ड पेटीज टॅलाडेगा' हा गेम आला. तेव्हा चालकाचं नाव मिळालं हेच खूप होतं. खरा टप्पा आला १९९४ मध्ये, 'नॅस्कार रेसिंग' या पीसी गेमने. तो केला पॅपायरस या मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्या कंपनीने. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी हे तिचे संस्थापक. १९८९ मध्येच त्यांनी इंडियानापोलिस ५०० या शर्यतीवरचा एक गेम काढून आपली दिशा दाखवली होती: गाडी पडद्यावर नुसती सरकली नाही पाहिजे, तिला वजन असलं पाहिजे, टायरला पकड असली पाहिजे आणि ती पकड सुटलीही पाहिजे.

पॅपायरसच्या गेममध्ये शर्यतीपेक्षा जास्त वेळ गॅरेजमध्ये जायचा आणि खेळणाऱ्यांना तेच आवडायचं. नॅस्कारच्या गॅरेजमध्ये दोन शब्द दिवसभर कानावर पडतात: 'टाइट' आणि 'लूज'. स्टिअरिंग डावीकडे वळवूनही गाडीचं नाक बाहेरच्या भिंतीकडेच जात असेल तर गाडी टाइट आहे. उलट मागची चाकं घसरून शेपूट बाहेर यायला लागली तर ती लूज. शर्यत सुरू असताना यावर इलाज करायचा, तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, मेकॅनिक मागच्या काचेतून लांब पाना घालतो आणि मागच्या स्प्रिंगवरचा दाब अर्धा-एक फेरा कमी-जास्त करतो. याला वेज म्हणतात. वेज वाढवला, की गाडी टाइट होते. काढला, की लूज. टायरमधल्या हवेचंही तसंच. सतत डावीकडे वळल्यामुळे वजन उजवीकडे, विशेषतः पुढच्या उजव्या टायरवर पडतं. तो आधी तापतो, आधी झिजतो, आणि त्याच्याबरोबर गाडीचा स्वभाव बदलतो. पहिल्या दहा फेऱ्यांत आज्ञाधारक असलेली गाडी चाळिसाव्या फेरीला ऐकेनाशी होते.

गेममध्ये हे सगळं हाताने करून पाहता येऊ लागलं आणि टीव्हीवर शर्यत बघणाऱ्याला अचानक उमगलं, की चालक रेडिओवर इतका वैतागून कशाबद्दल बोलत असतो. इथे गेमने प्रेक्षक शहाणा केला. पॅपायरसने आपल्या गेमबरोबर गाडी रंगवायचं साधनही दिलं होतं. लोक स्वतःच्या रंगसंगती बनवू लागले, एकमेकांना देऊ लागले, आणि मोडेम जोडून मित्राशी घरबसल्या शर्यतही लावू लागले.

या साखळीतला शेवटचा गेम 'नॅस्कार रेसिंग २००३ सीझन'. तो फेब्रुवारी २००३ मध्ये आला. चाहत्यांनी त्यात नव्या गाड्या, नवे ट्रॅक, जुने मोसम भरत तो पुढे वर्षानुवर्षं जिवंत ठेवला. पण पॅपायरसला पुढचा गेम करता आला नाही. नॅस्कारने विशेष हक्क ईए स्पोर्ट्स या बलाढ्य कंपनीला दिले होते. ज्यांना हा खेळ सर्वांत खोल कळला होता, त्यांच्याकडेच त्याचं नाव वापरायचा हक्क उरला नाही. २००४ मध्ये पॅपायरसला टाळं लागलं.

राग, दोस्ती आणि रेडिओवरचा आवाज

ईएचा मार्ग वेगळा होता. त्यांचे गेम सोफ्यावर बसून, कन्सोलच्या कंट्रोलरवर खेळणाऱ्यांसाठी होते. भौतिकशास्त्रात ते पॅपायरसएवढे खोल गेले नाहीत, पण नॅस्कारमधलं एक सत्य त्यांनी नेमकं पकडलं: इथे माणसं माणसांना लक्षात ठेवतात. 'नॅस्कार थंडर २००४' मध्ये वैर आणि मैत्रीची व्यवस्था होती. तुम्ही एखाद्याला धक्का मारून भिंतीवर नेलंत, तर तो चालक पुढच्या शर्यतीत तुमची वाट बघत असायचा. ज्याला ड्राफ्टमध्ये साथ दिलीत तो तुम्हालाही साथ द्यायचा. टॅलाडेगात चाळीस गाड्या एकाच वेगाने एकमेकींना खेटून धावतात, तिथे मित्र नसलेला चालक रांगेतून बाहेर फेकला जातो. तिथे ही व्यवस्था शर्यतीचा कणाच होऊन बसते.

त्या गर्दीमागे इतिहास आहे. १९८७ मध्ये बिल इलियटने टॅलाडेगाला पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैलांचा, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्याच आठवड्यात शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या कुंपणावर आदळली. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनात जाणारी हवा अडवणारी एक पट्टी सक्तीची झाली. वेग घटला, सगळ्या गाड्या सारख्याच वेगाच्या झाल्या, आणि त्यातून तो खेटून धावणारा जथा जन्माला आला.

'नॅस्कार ०६: टोटल टीम कंट्रोल' मध्ये शर्यत सुरू असतानाच आपली गाडी सोडून संघातल्या दुसऱ्या चालकाच्या गाडीचा ताबा घेता यायचा, हेडसेटवरून साथीदाराला हुकूम देता यायचे. कल्पना धाडसी होती आणि नॅस्कारच्या संघांना शोभणारीही, कारण एका मालकाच्या तीन-चार गाड्या एकाच शर्यतीत धावतात आणि त्यांच्यातलं सहकार्य अनेकदा निकाल ठरवतं.

गेममधला आणखी एक आवाज विसरून चालणार नाही: स्पॉटरचा. खऱ्या शर्यतीत चालकाला बाजूचं फारसं दिसत नाही. मान पट्ट्यांनी बांधलेली, आरसा थरथरणारा. म्हणून प्रत्येक संघाचा एक माणूस प्रेक्षागृहाच्या छपरावर उभा राहून रेडिओवर सांगत असतो: आत गाडी आहे, अजून आहे, अजून आहे, आता मोकळं. चांगल्या गेममध्ये हा आवाज अचूक वेळी येतो आणि नवखा खेळाडू चार फेऱ्यांत त्याच्यावर डोळे मिटून विसंबायला शिकतो. आवाज अर्ध्या सेकंदाने चुकला तर धडक ठरलेली.

पिवळ्या झेंड्याचंही असंच. अपघात झाला, की सगळ्या गाड्या सावकाश एका रांगेत येतात आणि पंधरा सेकंदांची कमावलेली आघाडी शून्य होते. पिटमध्ये जायचं का? चार टायर बदलायचे की दोन? दोन बदलले तर पुढे बाहेर पडता येईल, पण शेवटच्या फेऱ्यांत पकड कमी पडेल. रेसिंगच्या इतर गेमांमध्ये प्रश्न वेगाचा असतो, नॅस्कारमध्ये तो निम्मा वेगाचा आणि निम्मा अशा निर्णयांचा.

खालून वर

मिनेसोटातल्या मॉन्स्टर गेम्स या कंपनीचं नाव या कथेत पुन्हा पुन्हा येतं. २००० मधला 'नॅस्कार हीट' त्यांचा. त्यात 'बीट द हीट' नावाची आव्हानं होती; एकेक छोटा प्रसंग देऊन खेळाडूकडून एकेक कौशल्य घोटून घेणारी. २००२ मधला 'डर्ट टू डेटोना' तर आजही जाणकारांच्या बोलण्यात येतो. त्यात करिअरची सुरुवात गावातल्या मातीच्या ट्रॅकवर, खटारा गाडीपासून व्हायची. बक्षिसाच्या पैशातून सुटे भाग घ्यायचे, गाडी सुधारायची, मग वरच्या मालिकेत जायचं. खरे चालकही याच वाटेने येतात. मुख्य कप मालिका ही शिडीची शेवटची पायरी आहे आणि खालच्या पायऱ्या चढल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

ईएने २००९ नंतर हा मुलूख सोडला. २०११ पासून युटेकनिक्स या ब्रिटिश कंपनीने काही वर्षं गेम केले. २०१६ मध्ये 'हीट' हे नाव परत आलं. २०१७ च्या 'हीट २' मध्ये ट्रक आणि दुय्यम मालिका आल्या, 'हीट ३' मध्ये स्वतःचा संघ चालवायची सोय झाली. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये 'नॅस्कार २१: इग्निशन' आला. परवाना पक्का होता, चालक खरे होते, गाड्या चकचकीत होत्या. गेम मात्र दोषांनी भरलेला निघाला आणि समीक्षकांनी व चाहत्यांनी तो धुऊन काढला. परवाना शोकेस भरून देतो, दुकान चालवून देत नाही, हे इतक्या स्पष्टपणे आधी दिसलं नव्हतं. २०२३ मध्ये हा परवाना हात बदलून आयरेसिंग या कंपनीकडे गेला.

इथे एक वर्तुळ पुरं झालं. पॅपायरस बंद पडल्यावर डेव्हिड केमर यांनी २००४ मध्ये जॉन हेन्री यांच्याबरोबर आयरेसिंगची स्थापना केली होती. हेन्री म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे आणि पुढे लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे मालक. पॅपायरसच्या गेमांचे ते स्वतः चाहते होते. २००८ पासून आयरेसिंग लोकांसाठी खुलं झालं. खरे ट्रॅक लेझरने मोजून, डांबरातल्या खाचाखळग्यांसकट उभारायचे आणि माणसांना माणसांशी ऑनलाइन भिडवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

पडद्यावरून ट्रॅकवर

आयरेसिंगमधून निघालेलं सर्वांत मोठं नाव विल्यम बायरन. नॉर्थ कॅरोलायनातल्या या मुलाच्या घरात शर्यतीची परंपरा नव्हती. तो कॉम्प्युटरवर आयरेसिंग खेळत गाडी चालवायला शिकला, तिथे शंभराहून अधिक शर्यती जिंकला आणि पंधराव्या वर्षी खऱ्या छोट्या रेसकारमध्ये बसला. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं त्याने डेटोना ५०० जिंकली. राजा करुथ हा कृष्णवर्णीय तरुणही याच वाटेने आला. मार्च २०२४ मध्ये लास व्हेगासला त्याने ट्रक मालिकेतली शर्यत जिंकली. मोटर रेसिंग हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. लहानपणी कार्टिंगवर लाखो रुपये ओतू शकणाऱ्यांच्या मुलांनाच तिथे वाव मिळतो. अशा खेळात एक स्टिअरिंग आणि एक पडदा यांनी उघडलेलं हे दार लहान असलं तरी खरं आहे.

२०२० मध्ये कोरोनाने ट्रॅक बंद पडले तेव्हा खरे चालक आपापल्या घरून आयरेसिंगवर शर्यत लावू लागले आणि टीव्हीने ती दाखवली. २२ मार्चची पहिली शर्यत अमेरिकेत सुमारे ९ लाख लोकांनी पाहिली. ती डेनी हॅमलिनने जिंकली. पुढच्या आठवड्यात टिमी हिल जिंकला. कप मालिकेत कमी पैशाच्या संघाकडून धावणारा, शेवटच्या रांगांत दिसणारा हा चालक. गाड्या सारख्या झाल्या आणि त्याचा हात सगळ्यांना दिसला.

नॉर्थ विल्क्सबोरोची कथा याहून पुढची आहे. नॉर्थ कॅरोलायनातला एक किलोमीटरचा हा जुना ट्रॅक १९९६ नंतर कप मालिकेतून बाद झाला. प्रेक्षागृहं पडायला आली, डांबराच्या भेगांतून झुडपं उगवली. डिसेंबर २०१९ मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनिअरने माणसं जमवून तिथलं गवत उपटलं, ट्रॅक झाडला. हेतू एवढाच, की हा ट्रॅक पुरता नाहीसा व्हायच्या आत आयरेसिंगला लेझरने मोजता यावा, निदान गेममध्ये तरी राहावा. मे २०२० मध्ये तिथे आभासी शर्यत झाली. ती पाहून जुन्या चाहत्यांच्या आठवणी उसळल्या, चर्चा सुरू झाली, सरकारी निधी मिळाला. मे २०२३ मध्ये नॅस्कारची ऑल स्टार शर्यत खरोखर नॉर्थ विल्क्सबोरोला झाली.

त्याच वर्षी २ जुलैला शिकागोच्या भर रस्त्यांवर कप मालिकेची शर्यत धावली. तो मार्गही जून २०२१ मध्ये आधी आयरेसिंगवर आखून, त्यावर आभासी शर्यत घेऊन पाहिलेला होता. शहराचे रस्ते अडवण्यापूर्वी ते कॉम्प्युटरवर तपासून घेणं स्वस्त आणि शहाणपणाचं होतं.

आज सुरुवात करायची तर

आयरेसिंगने २०२२ मध्ये मॉन्स्टर गेम्सला आपल्यात सामावून घेतलं होतं. या दोन घराण्यांच्या मिलाफातून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'नॅस्कार २५' कन्सोलवर आला आणि नोव्हेंबरमध्ये पीसीवर. यात चार मालिका आहेत: कप, एक्सफिनिटी, ट्रक आणि सगळ्यात खालची आर्का. करिअर आर्कापासून सुरू होतं. 'डर्ट टू डेटोना'मधला खालून वर चढण्याचा विचार आणि पॅपायरसपासून आलेलं गाडीच्या वजनाचं भान, दोन्ही या गेममध्ये एकत्र नांदतात.

भारतीय वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. पण तितकं दूर नाही. फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला, त्याची पहिली शर्यत मार्टिन्सव्हिललाच होती, आणि त्या मोसमात चाहत्यांनी त्याला मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडलं.

घरात पीसी किंवा कन्सोल असेल तर सुरुवात मोठ्या ट्रॅकने करू नये. डेटोना, टॅलाडेगाला ॲक्सिलरेटर दाबून धरला की गाडी धावते, त्यामुळे आपल्याला जमतंय असा भास होतो. मार्टिन्सव्हिल निवडावं. शर्यत लहान ठेवावी, स्टिअरिंग आणि ब्रेकला मिळणारी मदत सुरुवातीला चालू असू द्यावी, पण टायरची झीज आणि गाडीचं नुकसान बंद करू नये, कारण ते बंद केलं तर भिंतच आपली चालक होते. सरळ भागाच्या शेवटी वाटतं त्याच्या आधी ब्रेक लावावा, गाडी आतल्या कडेला नीट बसू द्यावी आणि ती सरळ झाल्यावरच ॲक्सिलरेटर दाबावा. दहा फेऱ्यांनंतर पुढचा उजवा टायर हार मानायला लागेल आणि गाडीचं नाक बाहेर जायला लागेल. मग पिटमध्ये जाऊन थोडा वेज काढून बघावा.